‘कोर्दोबा विद्यापीठ’ नेमकं कुठलं? एकाच नावाची शहरं, प्रांत आणि संस्था ओळखताना

प्रश्न असा आहे: मराठीत टिपण तयार करताना ‘कोर्दोबा विद्यापीठा’ची स्थापना एका ठिकाणी १६१३ ची, तर दुसऱ्या ठिकाणी १९७२ ची सापडली. तिसरीकडे हे विद्यापीठ मोंतेरिया नावाच्या शहरात असल्याचं लिहिलं होतं. यातलं खरं कोणतं, आणि असा गोंधळ पुन्हा झाला तर तो कसा सोडवायचा?

तिन्ही माहिती खरी आहे, कारण ही तीन वेगळी विद्यापीठं आहेत. चूक होते ती तिघांची माहिती एका नोंदीत घातल्यावर.

१६१३ चं विद्यापीठ आर्जेन्टिनातलं. त्याचं पूर्ण नाव ‘उनिव्हर्सिदाद नासिओनाल दे कोर्दोबा’, म्हणजे कोर्दोबा राष्ट्रीय विद्यापीठ. येशूसंघी (जेसुइट) धर्मगुरूंनी तिथे उच्च शिक्षण सुरू केलं ते साल १६१३. पदव्या देण्याचा अधिकार पोप आणि स्पेनचा राजा यांच्याकडून १६२१-२२ मध्ये मिळाला. त्यामुळे काही याद्यांत १६१३ आणि काहींत १६२१ किंवा १६२२ दिसतं. विद्यापीठ स्वतः १६१३ मानतं, तेव्हा नोंदीत तेच घ्यावं आणि अधिकाराचं साल पुढच्या वाक्यात द्यावं. हे आर्जेन्टिनातलं सर्वांत जुनं विद्यापीठ आहे, पण ‘अमेरिका खंडातलं सर्वांत जुनं’ हे विशेषण त्याला लावू नका; लिमाचं सान मार्कोस विद्यापीठ आणि मेक्सिकोचं शाही विद्यापीठ ही दोन्ही १५५१ ची आहेत.

१९७२ चं विद्यापीठ स्पेनमधल्या मूळ कोर्दोबा शहरातलं. नाव नुसतं ‘उनिव्हर्सिदाद दे कोर्दोबा’. त्यातली पशुवैद्यक शाखा मात्र विद्यापीठाहून बरीच जुनी, १८४७ ची. म्हणून शतकभरापूर्वीच्या कागदात ‘कोर्दोबाची पशुवैद्यक शाळा’ असा उल्लेख आला, तर तिथे विद्यापीठ लिहायचं नाही. नेमकं तेच नाव, एका अक्षराचाही फरक नसलेलं, कोलंबियातल्या विद्यापीठाचं आहे. त्याचं मुख्यालय मोंतेरिया शहरात आहे, कारण कोलंबियात कोर्दोबा हे शहर नसून एक विभाग आहे आणि मोंतेरिया ही त्या विभागाची राजधानी. शिवाय आर्जेन्टिनाच्या त्याच शहरात १९५६ चं कॅथलिक विद्यापीठही आहे, त्याच्याही नावात कोर्दोबा.

यात आणखी एका, अस्तित्वातच नसलेल्या संस्थेची भर पडते. फिरणाऱ्या संदेशांत ‘दहाव्या शतकातलं जगप्रसिद्ध कोर्दोबा विद्यापीठ’ असं हमखास येतं. ९२९ मध्ये तिसऱ्या अब्दुर्रहमानने खिलाफत जाहीर केल्यावर ते शहर विद्येचं मोठं केंद्र झालं हे खरं. दुसऱ्या हकमच्या काळात (९६१ ते ९७६) राजवाड्यातल्या संग्रहात ४ लाख ग्रंथ असल्याचं मध्ययुगीन लेखक सांगतात. पण ते शिक्षण मशिदींत आणि एकेका आचार्याभोवती चालायचं. पदव्या देणारी, सनद असलेली संस्था तेव्हा तिथे नव्हती. १२३६ मध्ये कास्तीलच्या तिसऱ्या फर्नांदोने शहर घेतलं. त्या काळापासून १९७२ च्या विद्यापीठापर्यंत संस्थात्मक धागा जुळत नाही. अव्हेरोएस (जन्म ११२६) आणि मायमोनिदिस हे दोघे मध्ययुगीन तत्त्वज्ञ त्या शहरात जन्मले. त्यांना ‘कोर्दोबा विद्यापीठाचे विद्यार्थी’ म्हणणं ही निव्वळ चूक आहे, कितीही पुस्तकांत छापलेली असली तरी.

आता मुळाशी जाऊ. जगातल्या कोर्दोबा नावाच्या जागा पाहिल्या की सगळ्यांचं नाव त्या स्पॅनिश शहरावरून पडलं असं वाटतं. तसं नाही, आणि इथेच सर्वाधिक नोंदी बिघडतात. कोर्दोबा हे शहराचं नाव आहे तसंच ते आडनावही आहे, आणि बरीच ठिकाणं त्या आडनावाच्या माणसांवरून ओळखली जातात. त्यामुळे ‘स्पेनमधील शहरावरून नाव’ हे वाक्य सरसकट चिकटवायचं नाही.

आर्जेन्टिनातलं शहर खऱ्या अर्थाने त्या शहराचं नाव घेऊन आलं. हेरोनिमो लुईस दे काब्रेरा याने ६ जुलै १५७३ रोजी सुकिया नदीकाठी ते वसवलं, आणि नाव ठेवलं ‘नव्या आंदालुसियातलं कोर्दोबा’. काब्रेरा स्वतः मात्र सेव्हिया या दुसऱ्या स्पॅनिश शहरातला.

मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ राज्यातलं कोर्दोबा १६१८ चं. बंदरापासून राजधानीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मळ्यांतून पळालेल्या गुलामांच्या यांगाच्या नेतृत्वाखालच्या टोळ्यांपासून वाहतूक सुरक्षित राहावी म्हणून तीस कुटुंबांनी ते वसवलं. त्यामुळे ‘तीस सरदारांचं शहर’ हे त्याचं बिरुद. नाव मात्र तेव्हाचा व्हाइसरॉय दिएगो फर्नांदेस दे कोर्दोबा याच्यावरून आलं.

कोलंबियाचा कोर्दोबा विभाग १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला वेगळा झाला. त्याला नाव मिळालं स्वातंत्र्ययुद्धातला तरुण सेनापती होसे मारिया कोर्दोव्हा (१७९९ ते १८२९) याचं. त्याच्या आडनावात ‘व्ही’ आहे, विभागाच्या नावात ‘बी’. संगणकावर एकच रूप टाकून शोधलं तर निम्मा मजकूर हाती लागत नाही. दोन्ही रूपांनी शोधा. अलास्कातल्या कोर्दोव्हा या मासेमारीच्या गावाचं नावही आडनावाचंच: १७९० मध्ये साल्व्हादोर फिदाल्गो याने तिथल्या उपसागराला नौदल सेनापती लुईस दे कोर्दोव्हा याचं नाव दिलं होतं.

निकाराग्वाचं चलन कोर्दोबा हेही माणसावरूनच. १९१२ मध्ये सुरू झालेल्या या चलनाला फ्रान्सिस्को हेर्नांदेस दे कोर्दोबा याचं नाव दिलं गेलं. त्याने १५२४ मध्ये तिथे ग्रानादा आणि लेओन ही शहरं वसवली; ही दोन्ही नावंही स्पेनमधल्या शहरांचीच. १५२६ मध्ये त्याच्याच वरिष्ठाने, पेद्रारियास याने, त्याचा शिरच्छेद करवला. इथे एक पक्का खड्डा आहे. याच नावाचा, याच आडनावाचा दुसरा फ्रान्सिस्को हेर्नांदेस दे कोर्दोबा १५१७ मध्ये युकातानच्या किनाऱ्यावर पोहोचला होता आणि त्या मोहिमेतल्या जखमांनी त्याच वर्षी मरण पावला. दोघांची चरित्रं जोडलेली अनेकदा दिसतात: १५१७ मध्ये मेलेला माणूस १५२४ मध्ये शहरं वसवतो! साल तपासलं की ही गाठ लगेच सुटते.

कागदावर नुसतं ‘कोर्दोबा’ असेल तर ओळखायचं कसं? आधी पत्ता पाहा, विषय नंतर. स्पेनचा पिनकोड पाच अंकी असतो आणि कोर्दोबा प्रांताचा १४ ने सुरू होतो. आर्जेन्टिनाचा चार अंकी, शहराचा ५०००. नव्या पद्धतीत त्याच्या आधी प्रांताचं अक्षर एक्स लागतं. मेक्सिकोतल्या कोर्दोबाचा ९४५ ने सुरू होतो. कोलंबियाचा सहा अंकी, सुरुवात २३ ने. दूरध्वनी असेल तर स्पेन ३४ आणि ९५७, आर्जेन्टिना ५४ आणि ३५१, मेक्सिको ५२ आणि २७१, कोलंबिया ५७ आणि ६०४. आर्जेन्टिनाच्या मोबाइल क्रमांकात ५४ नंतर ९ येतो, मग ३५१.

ईमेल पत्ता त्याहून भरवशाचा. स्पेनच्या विद्यापीठाचा शेवट ‘यूसीओ डॉट ईएस’, आर्जेन्टिनाच्या राष्ट्रीय विद्यापीठाचा ‘यूएनसी डॉट ईडीयू डॉट एआर’, कोलंबियाचा ‘युनिकोर्दोबा डॉट ईडीयू डॉट सीओ’. नुसत्या लघुनावावर विसंबू नका. यूएनसी म्हटलं की बहुतेकांना अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ आठवतं, आणि यूसीओ हे ओक्लाहोमातल्या एका विद्यापीठाचंही लघुनाव आहे. उद्धरणं आपोआप गोळा करणाऱ्या यंत्रणा नेमक्या इथेच घसरतात.

‘कोर्दोबा प्रांत’ एवढं लिहिल्याने काम होत नाही, कारण स्पेन आणि आर्जेन्टिना दोन्हीकडे कोर्दोबा प्रांत आहे आणि दोन्हीची राजधानी कोर्दोबाच आहे. इथे क्षेत्रफळ कामी येतं. स्पेनचा प्रांत १३,७७१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहून थोडा लहान. आर्जेन्टिनाचा १,६५,३२१ चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या निम्म्याहून मोठा. आकडा लाखात असेल तर देश ठरला.

आसपासच्या गावांची नावंही सांगून जातात. मोन्तिया, लुसेना, बाएना, प्रिएगो ही स्पेनच्या प्रांतातली. रिओ क्वार्तो, रिओ तेरसेरो, व्हिया मारिया ही आर्जेन्टिनातली. तिथल्या नद्यांना पूर्वी पहिली, दुसरी, तिसरी असे क्रमांक होते आणि गावांनी ते जपले. जुन्या नकाशात सुकिया न दिसता ‘रिओ प्रिमेरो’ दिसली तर नदी तीच. लोरिका, सेरेते, मोन्तेलिबानो ही कोलंबियातली. ‘साहागुन, कोर्दोबा’ असं दिसलं तर फसू नका: साहागुन हे स्पेनमधल्या लेओन प्रांतातलं प्रसिद्ध जुनं गाव आहे, पण कोर्दोबासोबत आलेलं साहागुन कोलंबियातलंच. ‘कोर्दोबेस’, म्हणजे कोर्दोबाचा रहिवासी, या शब्दाने काहीच ठरत नाही. सगळेच स्वतःला तसं म्हणवतात.

नकाशावर बिंदू टाकताना चिन्हाची चूक फार होते. स्पेनचं शहर साधारण ३७.९ उत्तर, ४.८ पश्चिम. आर्जेन्टिनाचं ३१.४ दक्षिण, ६४.२ पश्चिम. मेक्सिकोचं १८.९ उत्तर, ९६.९ पश्चिम. मोंतेरिया ८.७५ उत्तर, ७५.९ पश्चिम. रेखांश सगळ्यांचे उणे, पण अक्षांश फक्त आर्जेन्टिनाचा उणे. ते उणे चिन्ह गळलं की आर्जेन्टिनाचं कोर्दोबा बर्म्युडाजवळ समुद्रात पडतं. भारतातल्या तक्त्यांत सगळे आकडे धन लिहायची सवय असते. त्या सवयीने स्पेनचा रेखांश धन झाला, तर बिंदू अल्जिरियाच्या उत्तरेला भूमध्य समुद्रात जातो. बिंदू पाण्यात दिसला तर आधी चिन्ह तपासा, मग आकडे.

शेतीविषयक निबंध वाचणाऱ्यांसाठी विषय हाच चांगला सुगावा आहे. ऑलिव्ह असेल तर स्पेन. तिथे विद्यापीठाखेरीज शाश्वत शेतीवरची सरकारी संशोधन संस्थाही आहे. भुईमूग असेल तर आर्जेन्टिना, कारण त्या देशाचा बहुतेक भुईमूग कोर्दोबा प्रांतात पिकतो आणि मान्फ्रेदीचं संशोधन केंद्र तिथलंच. कॉफी किंवा ऊस असेल तर मेक्सिको. तिथल्या शेतकी संस्थेची ‘कोर्दोबा शाखा’ असा पत्ता येतो, किंवा ‘व्हेराक्रूझ विद्यापीठ, कोर्दोबा’. सिनू नदीच्या खोऱ्यातली गुरं असतील तर कोलंबिया.

हरभऱ्याबाबत मात्र हा सुगावा उपयोगी पडत नाही. स्पेनच्या कोर्दोबात हरभऱ्यावर, विशेषतः अ‍ॅस्कोकायटा करप्याला प्रतिकारक वाणांवर मोठं काम झालं आहे, आणि आर्जेन्टिनाचं कोर्दोबा स्वतः हरभरा पिकवणारा प्रांत आहे. इथे पेरणीचा महिना पाहा. आर्जेन्टिनात पेरणी मे-जूनमध्ये, कारण तो तिथला हिवाळा. स्पेनमध्ये परंपरेने पेरणी हिवाळा सरताना, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, आणि प्रतिकारक वाण असतील तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. महाराष्ट्रातल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पेरणीशी तुलना करणाऱ्याने हे न पाहता हवामानाचे तक्ते शेजारी ठेवले, तर निष्कर्ष उलटा निघेल. दक्षिण गोलार्धातल्या जुलैची आपल्या जानेवारीशीच तुलना करायची.

इतिहासातल्या उल्लेखांना वर्षावरून वेगळं करता येतं. कोर्दोबाचा करार म्हणजे मेक्सिको: २४ ऑगस्ट १८२१ रोजी इतुर्बिदे आणि स्पेनचा प्रतिनिधी ओदोनोहू यांनी मेक्सिकोच्या स्वातंत्र्यासाठी केलेला. कोर्दोबाची विद्यापीठ सुधारणा म्हणजे आर्जेन्टिना, १९१८. विद्यार्थ्यांच्या त्या चळवळीतून विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थ्यांना वाटा मिळाला आणि लॅटिन अमेरिकाभर त्याचे पडसाद उमटले. शिक्षणशास्त्राच्या मराठी पुस्तकात हा उल्लेख आला की त्याच्याशेजारी स्पेनमधल्या मशिदीचं छायाचित्र लावू नका. युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या यादीतही दोन्ही आहेत. स्पेनची मशीद-कॅथीड्रल १९८४ मध्ये, तिच्याभोवतीचा जुना शहरभाग १९९४ मध्ये आणि जवळचं मदीना अझहरा २०१८ मध्ये. आर्जेन्टिनाचा येशूसंघी इमारतींचा परिसर आणि त्यांच्या जुन्या वाड्या २००० मध्ये.

खगोलशास्त्र वाचणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं. ताऱ्यांच्या क्रमांकांपुढे येणारी ‘सीडी’ ही अक्षरं म्हणजे ‘कोर्दोबा दुर्खमुस्टरुंग’ ही तारासूची, आणि ती आर्जेन्टिनातल्या वेधशाळेची. ही वेधशाळा १८७१ मध्ये बेंजामिन गूल्ड याच्या देखरेखीखाली उभी राहिली. जर्मनीत बॉन इथे उत्तर आकाशाची जी सूची झाली होती, तिचं काम जॉन थोम याने दक्षिणेकडे, उणे २२ अंशांपासून पुढे, नेलं. प्रकाशन १८९२ पासून सुरू झालं आणि थोमच्या मृत्यूनंतर पूर्ण झालं. सूचीत सहा लाखांहून अधिक तारे आहेत. सीडीनंतरचा उणे आकडा हा क्रांतीचा, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनच्या अंतराचा, अंश असतो आणि त्यापुढचा त्या पट्ट्यातला क्रमांक. ‘सीपीडी’ ही निराळी, दक्षिण आफ्रिकेतल्या केप वेधशाळेची सूची. त्या दोघींचे क्रमांक एकमेकींत बदलून लिहिले की तारा सापडत नाही.

प्रवेशासाठी किंवा मुलाखतीसाठी संपर्क करणाऱ्यांनी घड्याळ आधी पाहावं. तिथले सकाळचे १० म्हणजे स्पेनमध्ये हिवाळ्यात आपले दुपारचे २.३० आणि उन्हाळ्यात १.३०, आर्जेन्टिनात वर्षभर संध्याकाळचे ६.३०, कोलंबियात रात्रीचे ८.३०, मेक्सिकोत रात्रीचे ९.३०. स्पेनचं शैक्षणिक वर्ष सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतं, आर्जेन्टिनाचं मार्चमध्ये. गुणपत्रिका तपासताना स्पेनमध्ये १० पैकी ५ ला उत्तीर्ण, आर्जेन्टिनात सहसा १० पैकी ४ ला, आणि कोलंबियात सहसा ५ पैकी ३ ला. त्यामुळे कोर्दोबाचे ४ गुण हे स्पेनमध्ये नापास, आर्जेन्टिनात जेमतेम पास आणि कोलंबियात चांगले असू शकतात. सरासरीचं टक्क्यांत रूपांतर करण्याआधी देश ठरलेला हवा, नाहीतर माणसाचं नुकसान होतं. स्पेन आणि आर्जेन्टिना दोघांचेही वाणिज्य दूतावास मुंबईत आहेत, तेव्हा शंका असेल तर अर्ज भरण्याआधी तिथे विचारा.

विमानाचं तिकीट काढताना शहराच्या नावावर न जाता तीन अक्षरी संकेत वाचा. ‘सीओआर’ म्हणजे आर्जेन्टिना. स्पेनचं ‘ओडीबी’, पण तिथे नियमित सेवा तुरळक. माद्रिदला उतरून जलद रेल्वेने जाणं सोयीचं, साधारण पावणेदोन तास. मोंतेरियासाठी ‘एमटीआर’. मेक्सिकोच्या कोर्दोबाला जवळचा मोठा विमानतळ व्हेराक्रूझचा. ‘सीडीव्ही’ दिसलं तर तुम्ही अलास्काला निघाला आहात.

पैशांच्या आकड्यांत आणखी जपावं. आर्जेन्टिना, कोलंबिया आणि मेक्सिको तिघांचंही चलन पेसो आणि तिघंही डॉलरसारखंच चिन्ह वापरतात. निकाराग्वाचं कोर्दोबा इंग्रजी सी आणि डॉलरचं चिन्ह असं लिहिलं जातं, जे कॅनडाच्या डॉलरसाठीही वापरतात. व्यवहाराच्या कागदात म्हणून चिन्हाऐवजी आंतरराष्ट्रीय संकेत घाला: निकाराग्वासाठी ‘एनआयओ’, आर्जेन्टिनासाठी ‘एआरएस’, कोलंबियासाठी ‘सीओपी’, मेक्सिकोसाठी ‘एमएक्सएन’.

मराठी नोंदीबद्दल माझं मत ठाम आहे: मुख्य शीर्षकात देश कंसात घालावाच, स्पेनच्या शहरालाही. ‘कोर्दोबा’ हे उघडं शीर्षक फक्त वाट दाखवणाऱ्या निःसंदिग्धीकरण पानासाठी राखून ठेवा. मूळ शहराला उघडं शीर्षक दिलं की पुढचा संपादक आर्जेन्टिनाच्या फुटबॉल संघाचा दुवाही तिथेच जोडतो आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. विद्यापीठांना ‘कोर्दोबा राष्ट्रीय विद्यापीठ (आर्जेन्टिना)’, ‘कोर्दोबा विद्यापीठ (स्पेन)’, ‘कोर्दोबा विद्यापीठ (कोलंबिया)’ अशी शीर्षकं द्या आणि पहिल्याच वाक्यात शहर व स्थापनावर्ष घ्या. मराठीत कॉर्डोबा, कॉर्दोबा, कोर्दोव्हा, आणि उर्दू-अरबी वळणाचं कुर्तुबा अशी रूपं चालतात. त्या सगळ्यांवरून एकाच निःसंदिग्धीकरण पानाकडे पुनर्निर्देशन ठेवा. सेआत कंपनीने १९९३ मध्ये काढलेली कोर्दोबा ही मोटार किंवा फिलिपाइन्समधलं सेबूजवळचं कोर्दोव्हा गाव यांनाही त्या पानावर एकेक ओळ पुरते.

आणि पत्ता, वर्ष, विषय, शेजारची गावं हे सगळं तपासूनही देश ठरला नाही, तर अंदाजाने स्पेन लिहू नका. ‘कोर्दोबा (देश निश्चित नाही)’ असं लिहून मूळ कागदातला शब्द जसाच्या तसा शेजारी ठेवा. पुढच्या वाचकाला तो एखाद्या टपाल क्रमांकावरून ठरवता येईल.